कापणीच्या दिवसांतली ट्राम

आज सकाळी आमच्या धानाच्या बांधीत हार्वेस्टर उतरला. चहा होईस्तोवर त्याने दीड एकर धान गिळलं आणि धुऱ्याचा बांध ओलांडून तो पुढच्या शेतात गेला. ओणव्या बायकांची रांग नाही, विळ्यांची खसखस नाही, कापून आडव्या टाकलेल्या धानाच्या कडपा तीन-तीन दिवस उन्हात वाळत पडलेल्या नाहीत. वास मात्र यंत्राला बदलता आला नाही. ताज्या कापलेल्या धानाचा तो किंचित गोड, किंचित ओलसर वास नाकात शिरला आणि मी बांधावरच थांबलो.

खरं तर या वासाने मला लहानपणची कापणी आठवायला हवी. पण चार वर्षांपासून मला भलतंच आठवतं. ट्रामचं दार उघडताना सुटणारा हवेचा सुस्कारा आठवतो. पावसात भिजलेल्या लोकरी कोटांचा वास आठवतो, आणि मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली एक निळी पिशवी. माझ्या बासष्ट वर्षांत एकच कापणी मी गावात नव्हतो. त्या वर्षी मी जर्मनीतल्या लाइपझिग नावाच्या शहरात माझ्या लेकीचं दूध दवाखान्यात पोचवत होतो.

आमचं गाव वरठीजवळ. तिथल्या पोलाद कारखान्यात वजनकाट्यावर माझी नोकरी झाली. लोखंडाने भरलेले ट्रक काट्यावर चढायचे, मी खिडकीतून आकडा वाचायचो आणि लिहायचो. घर ते कारखाना सायकल, कारखाना ते घर सायकल. नागपूरला जायचं तरी मी आदल्या दिवसापासून बसची वेळ चार जणांना विचारत फिरायचो. अशा माणसाची एकुलती एक लेक प्रज्ञा शिकत शिकत थेट जर्मनीला गेली. तिथे एका प्रयोगशाळेत लागली. जावई सुमेध शेजारच्या गावात नोकरीला. तिला दिवस गेले तेव्हा तिची आई, सुमन, जाऊन सहा वर्षं झाली होती. बाळंतपणाला तिची सासू जाणार होती, जानेवारीत. मी आपला ऑक्टोबरात नुसता भेटायला म्हणून गेलो. "थंडी वाढायच्या आधी पाहून घ्या बाबा," असं तिनंच बोलावलं होतं.

मी जाऊन पंधरा दिवस झाले आणि प्रज्ञाचा रक्तदाब एकदम चढला. दोन महिने बाकी असताना पोट कापून बाळ काढावं लागलं. मुलगी. तेराशे ऐंशी ग्रॅम. मी तो आकडा तीनदा विचारला. जन्मभर टनांत वाचणाऱ्या माणसाला ग्रॅम कळायला वेळ लागला.

आठवड्याने प्रज्ञाला घरी सोडलं. बाळ मात्र काचेच्या पेटीत, नाकात नळी, त्या नळीतून थेंब थेंब दूध. आईचं ताजं दूध हेच औषध, असं डॉक्टर म्हणाले. आणि घरी आल्या आल्या प्रज्ञाला सर्दी झाली. शिंकणाऱ्या माणसाला त्या वॉर्डात पाय ठेवायची बंदी. सुमेध सहाच्या गाडीने कामावर जायचा, संध्याकाळी परस्पर दवाखान्यात. म्हणजे सकाळचं दूध कोण नेणार? प्रज्ञाच्या सासूबाईंचा व्हिसा अजून कागदांतच अडकला होता. घरात उरलो मी.

"मामाजी, तुम्हाले जमन का?" सुमेधने अगदी जपून विचारलं.

"न जमायले काय झालं?" मी म्हणालो. आवाज मात्र माझा मलाच खोटा वाटला.

पहिल्या दिवशी प्रज्ञाने दुधाची बाटली गार ठेवणारी पिशवी माझ्या हातात दिली नाही. आमच्याकडे बाप आणि लेक अशा गोष्टींबद्दल कधी बोलत नाहीत. दर तीन तासांनी गजर लावून ती उठायची, खोलीचं दार लोटायची, आतून मशीनचा घुरघुर आवाज यायचा आणि मी इकडे उगाच भांडी वाजवायचो. त्या सकाळी तिने निळी पिशवी दारातल्या स्टुलावर ठेवली. "बाबा, ते... तिकडे ठेवलं आहे," म्हणाली. मी "बरं" म्हणालो. आणि आम्ही दोघंही माझ्या बुटांकडे पाहत राहिलो.

रविवारी सुमेधने मला रस्ता दाखवला होता. घराजवळून चार नंबरची ट्राम, मोठ्या रेल्वे स्टेशनसमोर उतरायचं, तिथे गाडी बदलायची, मग सहावा थांबा. सोपं होतं. पण त्या दिवशी आमच्यासोबत दहा माणसं चढली-उतरली होती, आणि दार कसं उघडतं हे मी पाहिलंच नव्हतं. सोमवारी थांब्यावर मी एकटा. ट्राम आली, माझ्यासमोर थांबली. मी दाराकडे पाहिलं, दाराने माझ्याकडे पाहिलं. ते उघडायची मी सभ्यपणे वाट पाहिली. ट्राम निघून गेली. पुढच्या ट्रामला एका पोरीने धावत येऊन दारावरचं बटण दाबलं तेव्हा मला समजलं. इथे दार मागावं लागतं.

तिसऱ्या दिवशी मात्र जे झालं ते असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

त्या देशात गाड्या उजव्या बाजूने चालतात. हे मला माहीत होतं, पण माझ्या पायांना माहीत नव्हतं. स्टेशनवर गाडी बदलताना मी आपल्याकडच्या सवयीने डावीकडच्या फलाटावर जाऊन उभा राहिलो. नंबर बरोबर होता, दिशा उलटी. वर मला बसायला जागा मिळाली म्हणून खूश होऊन मी पिशवी सीटखाली नीट सरकवून ठेवली, धक्का लागू नये म्हणून. घरं विरळ होत गेली. शेवटी नांगरलेली शेतं दिसू लागली आणि गाडी रिकामी झाली. शेवटचा थांबा. तिथून परत शहरात, पुन्हा गाडी, पुन्हा विचारणं. दवाखान्यात पोचलो तेव्हा अडीच तास उलटले होते.

वॉर्डाच्या दारात आन्या नावाची नर्स असायची. उंच, लाल केसांची, खरखरीत आवाजाची. तिने बाटली हातात घेतली आणि तिचा चेहरा बदलला. थर्मामीटर लावलं. मग मला खुणेने विचारलं, कुठे ठेवली होती? मी सीटखाली दाखवलं. तिने डोळे मिटले. तिथल्या ट्रामच्या सीटखालून गरम हवा येते, हे मला त्या क्षणी कळलं. मी दीड-दोन तास माझ्या नातीचं दूध चुलीजवळ ठेवलं होतं.

तिने ते मोरीत ओतलं. रागाने नाही, पण ओतलं. तीस मिली. ते तीस मिली काढायला माझ्या लेकीला टाके ओढत असताना किती वेळ बसावं लागतं ते मी दारापलीकडून ऐकलेलं होतं. मी तिथे उभा होतो आणि मोरीत पांढरी रेघ वाहत होती.

घरी आलो. प्रज्ञा पलंगावर पडली होती. "पोचलं बाबा?"

"पोचलं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी स्टुलावर ठेवली नाही. दारापर्यंत चालत आली आणि माझ्या हातात दिली. पट्टा माझ्या मनगटाला गुंडाळून दिला. त्याचा अर्थ त्या दिवशी मला कळला नाही.

मी थांब्यावर गेलो तर खरा, पण पाय उचलेनात. दोन ट्रामा सोडल्या. थांब्यालगत एक फुलांचं दुकान होतं. दुकानदार माझ्याच वयाचा, बुटका, चपट्या नाकाचा, डोक्याला लोकरी टोपी. तो व्हिएतनामचा, मिन्ह नावाचा. चाळीसेक वर्षांपूर्वी तरुणपणी इथल्या कारखान्यात मजूर म्हणून आला आणि राहिला. हे सगळं मला नंतर हळूहळू समजलं. त्या सकाळी त्याला एवढंच दिसलं की एक काळा-सावळा म्हातारा दोन ट्रामा सोडून थांब्यावर घाबरून उभा आहे. तो बाहेर आला. माझं इंग्रजी कारखान्यातल्या फॉर्मपुरतं, त्याचंही तेवढंच. पण दोघांचं मोडकं असलं की जुळतं बरं. मी पिशवी उघडून बाटली दाखवली, पोटाशी हात धरून बाळ दाखवलं, मग हात उलटा करून कालची मोरीही दाखवली. तो हसला नाही. त्याने माझा उजवा हात धरला, दाबला, आणि म्हणाला, "धिस साइड. ऑल्वेज धिस साइड." मग दुकानात जाऊन एका पांढऱ्या कार्डावर जर्मनमध्ये ठळक अक्षरांत काहीतरी लिहून आणलं. प्रज्ञाने संध्याकाळी वाचून सांगितलं. लिहिलं होतं, 'माझ्याजवळ दवाखान्यातल्या लहान बाळासाठी आईचं दूध आहे. मला भाषा येत नाही. कृपया मला योग्य गाडीत बसवा.' खाली दवाखान्याचं आणि थांब्याचं नाव.

वाचून झाल्यावर तिने कार्ड माझ्या खिशात घातलं आणि नाक पुसलं. सर्दीमुळे असेल, असं मी धरून चाललो.

मग रोज सकाळी मिन्हच्या दुकानाशी मी पाच मिनिटं आधी पोचू लागलो. एकदा फोनवर माझ्या बहिणीने पाठवलेला शेताचा फोटो मी पाहत होतो. त्याने मान वाकवून पाहिलं आणि एकदम ओरडला, "राइस! यू, राइस?" मी मान हलवली. त्याने डाव्या मुठीत हवेतलं धान धरलं आणि उजव्या हाताने विळा ओढला. मीही ओढला. मनगट अगदी तसंच वळत होतं. थंडीने नाक गळणारे दोन म्हातारे परक्या देशाच्या फुटपाथवर धान कापत उभे होते आणि ट्राम येऊन दार उघडं ठेवून थांबली होती. दुकानात मागच्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती होती, पुढे एक संत्रं. निघताना मी तिथे हात जोडले. त्याने मूर्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःही जोडले.

फोटो पाठवणारी माझी मोठी बहीण, शेवंताबाई. तिला पवनीला दिलेली. मी नाही म्हणून ती घरदार सोडून माझं धान कापायला आली होती. रोज फोन करायची.

"भाऊ, आज पाच बाया लावल्या. धान चांगलं आहे अवंदा. पोरीची तब्येत कशी आहे? अन् लेकरू?"

"लेकरू बरं आहे बाई. मी दूध नेऊन राहिलो रोज."

"तू? एकटा? तू तं नागपूरच्या स्टँडवर हरवला होता!"

"हरवतो ना इथंही. लोकं पोचवून देतात."

तिकडून ती आधी हसली. मग म्हणाली, "सुमन राहती तं तिनं नेलं असतं."

हो. सुमन असती तर हे काम माझ्यापर्यंत आलंच नसतं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम? मी ओट्यावर बसून कोणी चहा देतं का पाहत राहिलो असतो. ती नव्हती म्हणून तिच्या वाट्याचं काम माझ्या हाती आलं, आणि त्या कामाने मला माझी लेक नव्याने दिली. हा विचार मला त्या ट्राममध्येच प्रथम आला, आणि त्याचा आनंद मानावा की रडावं ते कळेना. आजही कळत नाही.

हळूहळू पाय शिकले. उतरायच्या आधी खांबावरचं बटण दाबायचं. चढताना आधी आतल्यांना उतरू द्यायचं. मोठ्याने बोलायचं नाही. मोठा आवाज आला की लोक खिडकीबाहेर पाहतात. कान शिकले. गाडीत प्रत्येक थांब्याचं नाव एक बाई सांगायची. मला शब्द कळत नव्हते, पण माझ्या थांब्याच्या नावाला शेवटी एक हेलकावा होता, तो आला की मी उठायचो. झाडांची पानं पिवळी होत होती, आमच्या पिकलेल्या बांध्यांसारखीच पिवळी, आणि ओल्या रुळांवर चिकटत होती. दवाखान्यात आन्या बाटली हातात घ्यायची, अंदाज घ्यायची आणि म्हणायची, "गुट." चांगलं. मला तेव्हा आलेला तो एकच जर्मन शब्द, पण सकाळभर पुरायचा. मला आत जायची परवानगी नव्हती. काचेतून मी लांबची चौथी पेटी पाहायचो. कधी पाय दिसायचा, कधी तोही नाही.

मग बाळाचं पोट फुगलं. जंतुसंसर्ग. दोन दिवस दूध बंद. प्रज्ञा तरीही, दूध आटू नये म्हणून, गजर लावून उठत होती आणि काढलेलं ओतून देत होती.  तिसऱ्या सकाळी दवाखान्यातून फोन आला. पुन्हा सुरू करायचं, अगदी थोडं, आणि ताजंच हवं. प्रज्ञाने पिशवी दिली आणि पहिल्यांदा म्हणाली, "बाबा, लवकर जा."

त्या दिवशी वादळी वारं होतं. अर्ध्या वाटेत ट्राम थांबली. पुढे रुळांवर झाडाची मोठी फांदी पडली होती. भोंग्यातून जर्मनमध्ये काही सांगितलं गेलं, लोक कुरकुरत उतरले आणि पांगले. मी पिशवी छातीशी धरून बसून राहिलो. उतरलो तर कुठे जाणार? गाडी चालवणारी बाई तिच्या केबिनमधून बाहेर आली. चांगली धिप्पाड, पन्नाशीची. ती मला काहीतरी म्हणाली, बहुधा उतरा. मी कार्ड पुढे केलं. 

तिने वाचलं. पिशवीकडे पाहिलं. मग तिने माझं मनगट पकडलं, लहान पोराचं धरतात तसं, आणि मला घेऊन ती रस्ता ओलांडून धावत सुटली. पलीकडे एक बस निघण्याच्या बेतात होती. तिने दारावर थापा मारल्या. ड्रायव्हरला कार्ड दाखवलं, दोघं भराभर बोलले. ड्रायव्हरने मला त्याच्या मागच्या सीटवर बसवलं. बाई खाली उतरली आणि वाऱ्यात केस उडत असताना तिने मला अंगठा दाखवला. तिची स्वतःची गाडी मागे उघडी उभी होती.

बस दवाखान्याच्या फाटकाशी थांबली. तिथे थांबा नव्हता. ड्रायव्हरने दार उघडलं आणि हाताने 'पळा' अशी खूण केली. तोवरच्या आयुष्यात कोणी माझ्यासाठी गाडी अशी थांबवली नव्हती. मी पळालो. आन्याने बाटली घेतली, गालाला लावली आणि म्हणाली, "गुट. ज़ेअर गुट." खूप चांगलं. मी तिथल्या बाकावर बसून बराच वेळ रडलो. कोणी विचारलं नाही, पण कोणीतरी पाण्याचा पेला आणून बाजूला ठेवला.

त्या बाईचं नाव मला माहीत नाही. बसवाल्याचा तर चेहराही नीट पाहिला नाही. आजही कोणी उपकार मोजायला बसलं की मी गप्प राहतो. माझ्यावर ज्यांचे आहेत, त्यांना माझं नावसुद्धा ठाऊक नाही.

बाळाने ते दूध पचवलं. मग डॉक्टरांनी ते वाढवलं. मी दूध न्यायला लागल्याच्या सतराव्या दिवशी प्रज्ञाची सर्दी पूर्ण गेली आणि तिला वॉर्डात यायची परवानगी मिळाली. सुमेध कामावर, म्हणून तिला मी घेऊन गेलो. त्या शहरात ती चार वर्षं राहिलेली, पण त्या दिवशी अशक्तपणाने ती माझा दंड धरून चालत होती. मी बटण दाबलं, तिला आधी चढवलं, सीटवर बसवलं आणि खांब धरून तिच्यासमोर उभा राहिलो. मिन्हने दुकानातून धावत येऊन तिच्या हातात पांढरी शेवंती दिली होती. ती फुलांकडे पाहत म्हणाली, "बाबा, तुम्हाले इथं किती लोकं ओळखतात."

तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "प्रज्ञा, एक सांगायचं होतं. तिसऱ्या दिवशीचं दूध पोचलं नव्हतं. माझ्यामुळं वाया गेलं. मी खोटं बोललो तुले."

ती शांतपणे म्हणाली, "मले माहीत होतं, बाबा. आन्याने तेव्हाच फोन केला होता."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तं तुम्ही दुसऱ्या दिवशी गेले असते का?"

 पट्टा मनगटाला गुंडाळून देणारे तिचे हात मला तेव्हा दिसले. खिडकीबाहेर शहर सरकत होतं आणि मी लेकीसमोर उभा होतो. इतकं मोठं मन ती कधी शिकली, कोणाकडून शिकली, मला ठाऊक नाही. माझ्याकडून तर नव्हे.

त्या दिवशी आन्याने आम्हा दोघांनाही आत घेतलं. हात कोपरापर्यंत धुवायला लावले, झगा दिला. प्रज्ञा आरामखुर्चीत बसली, बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवलं, वर दुलई घातली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. तासाभराने प्रज्ञाची हाक आली.

"बाबा, आता तुम्ही घ्या."

"मी? नाही बाई. माझे हात खरखरीत आहेत. थंड आहेत."

"हात नाही लागत. छाती लागते."

आन्याने काही न विचारता माझ्या सदऱ्याची वरची बटणं सोडली, मला खुर्चीत टेकवलं आणि तो जीव माझ्या छातीवर ठेवला. सोळाशे ग्रॅमचा. इतका हलका की आहे की नाही कळू नये, आणि इतका गरम की दुसरं काही कळू नये. नातीने तोंड उघडलं, माझ्या पांढऱ्या केसांत गाल घासला आणि झोपून गेली. तिचा श्वास माझ्या श्वासाच्या दुप्पट वेगाने चालला होता. थोड्या वेळाने तो हळू झाला.

"किती वेळ बसू?" मी प्रज्ञाला हळूच विचारलं.

तिने आन्याला विचारलं. आन्या काहीतरी म्हणाली आणि दिवा मंद करून निघून गेली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आजोबांना कुठे जायचं नसेल, तर बसू दे."

मला कुठेच जायचं नव्हतं.